अडुसष्ट नंबरचा चिमटा

कट् असा आवाज झाला, एवढंच. वाळकी काटकी पायाखाली यावी तेवढा. पण तो आवाज कानातून डोक्यात शिरायच्या आधीच डेस्मंड स्टॅनिफोर्थचा उजवा हात उठला होता, आणि उठला तसा पडलाही होता, बायकोच्या डाव्या गालावर, कानाच्या पाळीसकट. बेरिल टेबलाच्या कडेवर आपटली, ट्रे तिरका झाला, एक कप खाली फुटला आणि दुसऱ्यातला चहा टेबलभर पसरायला लागला. टेबलावर लाकडी फळी होती, फळीवर विमानाचा नकाशा, आणि नकाशावर टाचण्यांनी अडकवलेला, बाल्साच्या हलक्या लाकडाचा अर्धा पंख. त्या पंखाची पाचवी बरगडी बेरिलच्या कोपराखाली मोडली होती. अशा वेळी माणसाने काय करावं? बायकोला सावरावं. डेसने आधी फळी उचलली. नकाशा, टाचण्या, पंख, सगळ्यासकट अल्लाद उचलली, चहापासून वाचवली, बंद शेगडीवर नेऊन ठेवली, आणि मग मागे वळून बघितलं. पुढे कितीतरी दिवस त्याला थोबाडीतपेक्षा हीच गोष्ट जास्त खुपत राहिली, की आपले हात इतके हळुवार होऊ शकतात, आणि ते झाले ते कशासाठी, तर फळीसाठी.

बेरिल रडली नाही. तिने खाली बसून कपाचे तुकडे गोळा केले, कचऱ्यात टाकले, फडकं पिळून टेबल पुसलं. फेब्रुवारीतली दुपार होती, शेजारच्या घरात रेडिओवर फुटबॉलचा सामना चालला होता आणि भिंतीपलीकडून लोकांचा गिल्ला ऐकू येत होता. मग गालावर तळहात ठेवून ती बोलली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा आवाजात. पुन्हा हात उठला तर मी विनीकडे जाणार, म्हणाली. विनी म्हणजे तिची बहीण, व्हिट्बीला समुद्राकाठी राहायची. गेले की गेले, म्हणाली, मग न्यायला येऊ नकोस. डेसच्या तोंडात जे पहिलं आलं ते तो बोलून गेला. उचलली जीभ.

"एकोणतीस वर्षांत तीनदा, बेरिल. तीनदाच."

"तू पडलेले मोजतोस," ती म्हणाली. "मी उठलेले मोजते."

हे वाक्य त्याच्या डोक्यात घुसलं ते घुसलंच. उठलेले किती? त्याने त्या रात्री पलंगावर पडल्या पडल्या आठवायचा प्रयत्न केला आणि दहाच्या पुढे गेल्यावर सोडून दिला. दारावर उठलेला धरायचा का? बशीवर? एकदा ख्रिसमसला भाजलेल्या बदकावर उठला होता, तो? त्याला खात्री होती की बेरिलने बदकही मोजलं असणार. त्याच्या बापाचा हात असाच उठायचा. बाप शेफील्डच्या पोलादाच्या भट्टीवर घणाच्या यंत्रापाशी, तीस वर्षं. एकेक घाव असा की रस्त्यावरच्या खिडक्या वाजायच्या. त्या आवाजाने बाप ठार बहिरा झाला. बहिऱ्या बापाचा मार फार वाईट, कारण त्याला पोरांचं रडणं ऐकूच येत नसे. तो डोळ्यांनी मारायचा. पोराच्या तोंडाकडे बघत राहायचा, आणि ओठ मिटलेले दिसले की अजून लागलं नाही असं समजून पुढचा पट्टा. म्हणून डेस लहानपणीच शिकला, की मार खाताना तोंड मोठ्ठं उघडायचं. आवाज नाही काढला तरी चालेल, जबडा दिसला पाहिजे. पुढे तोही त्याच घणापाशी उभा राहिला, सव्वीस वर्षं, लालबुंद पोलाद चिमट्यात धरून. त्या कामात एक सुख होतं. मारायचं, आणि मारलं की वस्तू तयार व्हायची. जितकं जोरात मारशील तितका मालक खूश. मग मागच्या वर्षी भट्टी बंद पडली, घण थांबला, आणि हे दोन हात घरी आले.

ती विमानाची पेटी बेरिलनेच आणली होती, त्याच्या वाढदिवसाला. डेस, तुझे हात रिकामे राहिले की बरं नसतं, एवढंच म्हणाली होती. पेटीवर चित्र होतं एका पिवळ्या, पाठीवर पंख बसवलेल्या विमानाचं. पूर्वी शिकाऊ वैमानिक ज्यावर हात बसवायचे, त्या खऱ्या विमानाच्या सहाव्या हिश्श्याचं हे. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फुटांना इंचभर कमी. आत बाल्साच्या पातळ पट्ट्या, नकाशा, आणि तारेच्या दोन-चार वस्तू. बाल्सा त्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला आणि त्याला शिसारी आली. हे काय लाकूड? वजन नाही, थंडपणा नाही, नख लावलं तर खाच पडते. अंगठ्याने जरा दाबलं की ठसा उमटतो, मेणावर उमटावा तसा. सव्वीस वर्षं ज्याने लोखंडाला वळवलं, त्याच्या बोटांना या वस्तूची चीड येत होती, आणि त्या चिडीच्या खाली आणखी काहीतरी होतं, जे तो कुणाला सांगत नसे. चुरडून टाकावं असं वाटायचं. बरगडी तासून, घासून, जागेवर चिकटवून झाली, ती सरळ उभी राहिली, की नेमकं तेव्हाच हाताला खाज सुटायची. एक मूठ. बस्स, एक मूठ वळली की झालं. तो हात मांडीखाली घालून बसायचा आणि डिंक वाळायची वाट बघायचा.

मोडलेली पाचवी बरगडी त्याने बदलली. टाचण्या काढल्या, जुना डिंक पात्याने खरवडला, नवीन बरगडी नकाशावर ठेवून कापली. तीन रविवार गेले त्यात. बेरिलच्या गालावरचा डाग आधी जांभळा, मग पिवळा, मग नाहीसा झाला. तेवढ्यात सांगाडा उभा राहिला. मग त्यावर पातळ रेशमी कागद, कागदावर पाणी, पाण्यावर डोप, म्हणजे कागद ताणून धरणारं रोगण. ते डोप लावलं की घरभर पेअर फळाच्या गोळ्यांसारखा वास सुटतो आणि कागद वाळता वाळता आवळत जातो. रात्रीतून तो असा ताणला गेला की सकाळी टिचकी मारल्यावर ढोलकीसारखा वाजला. डेस त्या पंखापुढे उभा राहिला. बोट आरपार घालावं. एकच बोट, सावकाश, कागद फुटेपर्यंत. त्याने बोट टेकवलंसुद्धा. कागद आत गेला, तणाव बोटाच्या टोकाला जाणवला, आणि मागून बेरिल म्हणाली की न्याहारी झालीय. त्याने बोट काढून घेतलं. त्या दिवशी त्याला वाटलं, आपण जिंकतोय. ती आता टेबलाशी दाराकडच्या खुर्चीत बसायला लागली होती. तिथे सकाळचं ऊन येत असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

एप्रिलमध्ये तो माळावर गेला. शहराच्या पश्चिमेला, दगडी बांधांमधलं एक सपाट रान, मेंढ्यांचं, छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबने शेतकऱ्याकडून रविवारपुरतं घेतलेलं. वारा असा की टोपी डोक्यावर ठरायची नाही. तिथला राजा म्हणजे आल्फ लोमस. बासष्टीचा, बस चालवून निवृत्त झालेला, बुटका, टोकदार नाकाचा, आणि जीभ अशी की कात्री बरी. नव्याला शिकवायचं काम त्याचं. पहिल्याच दिवशी त्याने डेसला फाटकापाशी उभ्या केलेल्या फळ्यापुढे नेलं. फळ्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीने लावलेले, प्रत्येकावर एकेक नंबर. विमान जमिनीवरून रेडिओने चालवायचं, आणि प्रत्येकाचा रेडिओ आपल्या नंबरावर चालतो. एका नंबरावर एका वेळी एकच माणूस. म्हणून आधी आपल्या नंबराचा चिमटा फळ्यावरून काढायचा, हातातल्या ट्रान्समीटरच्या एरियलला लावायचा, आणि मगच बटण चालू करायचं. चिमटा फळ्यावर नसला तर समजायचं, तुझा नंबर आत्ता आकाशात आहे. तेव्हा बटण दाबलंस तर वरचं विमान कुणाचंच ऐकत नाही आणि दगडासारखं खाली येतं. इथे कुणी चर्चला जात नाही, लोमस म्हणाला, पण हा फळा मात्र पाळायचा. डेसचा नंबर निघाला अडुसष्ट. लोमसचाही अडुसष्ट. म्हणजे दोघांत मिळून एक चिमटा. लोमसने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, घ्या, बायकोशी घर वाटून घेतलं, आता हेही वाटून घ्यायचं.

शिकवणी सोपी नव्हती. विमानाच्या चिमुकल्या इंजिनात एरंडेल घातलेलं इंधन, त्याचा धूर नाकात गेला की डेसला दर शनिवारी नाक दाबून एरंडेल पाजणारा बाप आठवायचा आणि जबडा आपोआप उघडायचा. दुसऱ्या रविवारी तो इंजिन चालू करताना हात वेळेवर मागे घ्यायला विसरला. पंख्याच्या पात्याने तर्जनी हाडापर्यंत कापली, विमानाच्या पिवळ्या नाकावर रक्ताची चिळकांडी उडाली. बाकीचे धावले. डेस मात्र त्या फिरत्या पात्याकडे बघत उभा राहिला, कारण त्याला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं. कुणीतरी त्याला मारलं होतं आणि तो वाचला होता. लोमसने रुमाल गुंडाळला आणि म्हणाला, रक्त दिलंस, आता पंखा तुझा झाला. विमान वर गेल्यावर ट्रान्समीटर लोमसच्या हातून डेसच्या हातात यायचा, आणि डेसच्या हातून काही क्षणात परत जायचा, कारण डेस त्यावरची दांडी अशी दाबायचा की विमान उलटं होऊन जमिनीकडे झेप घ्यायचं. लोमस प्रत्येक वेळी ते वाचवायचा आणि प्रत्येक वेळी टोमणा मारायचा. अरे, घण नाही तो. दोन बोटं पुरे. कुत्र्याचा कान धरतोस का असा? डेसच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. तो त्या टोकदार नाकाकडे बघायचा आणि मनात त्याचं नेमकं काय करता येईल ते पायरीपायरीने बघायचा, आधी नाकाचं हाड, मग ओठ, मग खालचे दात. मग म्हणायचा, बरं, पुन्हा करू. मनातला हात मोजायचा की नाही, हे त्याने बेरिलला कधी विचारलं नाही.

मग मे महिन्यात एका रविवारी लोमस टोमणे मारता मारता थांबला. विमान वर होतं, डेसच्या ताब्यात होतं, आणि पुन्हा गटांगळ्या खात होतं. परत घेण्यासाठी लोमसने हात पुढे केलाच नाही.

"हात सोड," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे सोड. दांड्यांवरची बोटं काढ. हे शिकाऊ विमान आहे, राजा. तू काही केलं नाहीस तर ते आपणहून सरळ होतं. त्याला तुझ्यापासूनच धोका आहे."

डेसने बोटं उचलली. आयुष्यात इतकं अवघड काम त्याने केलं नव्हतं. बोटं हवेत, ट्रान्समीटर नुसता गळ्यातल्या पट्ट्यावर, आणि वर ते पिवळं विमान एकदा डावीकडे कललं, एकदा उजवीकडे, आणि मग खरोखरच, कुणी काही न करता, सरळ झालं. डेसच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने आलं असं तो म्हणाला. घरी जाताना बसमध्ये तो बोटं वर करून बसला होता आणि समोरच्या बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्या दिवसापासून त्याला वाटायला लागलं, की ही गोष्ट विमानाची नाही. हात सोडता येतो. चार महिने होत आले, एकदाही उठला नाही. बशी नाही, दार नाही, काही नाही. आता हे बेरिलला दिसलं पाहिजे. नुसतं सांगून काय? चार महिने हात उठला नाही हे सांगणंसुद्धा विचित्रच, म्हणजे त्याबद्दल काय पदक द्यायचं? पण तिने माळावर यावं, बघावं, की हेच हात, हेच ते हात, काय करू शकतात. लोमसने पुढच्या रविवारी त्याला एकट्याने उडवायची परवानगी दिली, तेव्हा डेसने बेरिलला विचारलं. तिने विणकाम खाली ठेवलं, त्याच्याकडे जरा बघितलं, आणि येते म्हणाली. म्हणजे ती अजून ठरवतेय, हे त्याला कळलं. राहायचं की जायचं हे तिचं अजून ठरायचं होतं, आणि रविवारी ठरणार होतं.

जूनचा पहिला रविवार. ऊन, अगदी थोडा वारा. बेरिलने घडीची खुर्ची बांधाजवळ उघडली, निळा कोट मांडीवर घेतला, थर्मास काढला. क्लबचे सात-आठ जण होते, त्यांनी टोप्या काढून तिला नमस्कार केला, आणि डेसला वाटलं की आपण या सगळ्यांत थोर आहोत. लोमस अजून आला नव्हता. क्लबमधल्या दुसऱ्या दोघांची विमानं वर घोंघावत होती. डेस फाटकापाशी फळ्याजवळ पोचला, तेवढ्यात मागून बेरिलने हाक मारली. चहा गार होतोय, म्हणाली. चार महिन्यांत तिने आपणहून मारलेली ही पहिली हाक. तो तसाच वळला, तिच्याजवळ गेला, कप हातात घेतला, उभ्या उभ्या प्यायला, आणि पिता पिता तिला सगळं दाखवलं, हे पंख, हे शेपूट, ही पाचवी बरगडी, इथे, कागदाखाली, हात लावून बघ. ती हात लावून बघत म्हणाली, कळतसुद्धा नाही. रिकामा कप तिच्या हातात देऊन त्याने विमान उचललं आणि थेट मैदानात गेला.

ट्रान्समीटर चालू केला, इंजिन पेटवलं, हात वेळेवर मागे घेतला. पिवळं विमान गवतावरून धावलं, उठलं, आणि उठतच गेलं. डेसने दोन बोटांनी त्याला वळवलं. रानाला एक फेरी, दुसरी फेरी. वरून ऊन पंखाच्या कागदातून आरपार आलं तेव्हा आतल्या सगळ्या बरगड्या दिसल्या, एकेक. त्याने मान वळवून बेरिलकडे बघितलं. ती उन्हाला हात आडवा धरून वर बघत होती. बघ आता, तो मनात म्हणाला, आणि दोन्ही हात ट्रान्समीटरवरून उचलून तिला दिसतील असे बाजूला पसरले. विमान सरळ चाललं होतं. एक, दोन, तीन, चार. मग ते थरथरलं. डेसने दांड्या पकडल्या. विमानाने ऐकलं नाही. ते झटक्यात कुशीवर वळलं, नाक खाली घातलं, आणि इंजिन पूर्ण वेगात बोंबलत पलीकडच्या दगडी बांधाकडे निघालं. डेसने दांडी ओढली, ढकलली, मोडेल इतकी ओढली. काही नाही. बांधावर ते आदळलं तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. मेंढ्या मात्र उधळल्या.

कुणीतरी ओरडलं, अडुसष्टवर कोण आहे? आणि डेसने बघितलं. गाड्यांजवळ, काटेरी झुडपांच्या आडोशाला, आल्फ लोमस आपल्या विमानावर वाकलेला होता आणि त्याच्या हातात चालू ट्रान्समीटर होता, एरियल लांब काढलेली. लोमस. फळ्याचा राजा. डेस धावला. धावताना त्याला काही ऐकू येत नव्हतं, बापाला येत नसे तसं. लोमसचं तोंड हलत होतं, ओठ उघडत मिटत होते, आणि डेसला दिसत होतं ते फक्त नाक, मग ओठ, मग खालचे दात, तीच यादी, त्याच क्रमाने. ट्रान्समीटर त्याने कुठे टाकला कुणास ठाऊक. हात उठला. खांद्यापासून उठला, सव्वीस वर्षांच्या सवयीने, घणाला असतो तितका वर. लोमस म्हातारा माणूस, मागे सरायला जागा नाही, मागे गाडी. त्याने डोळे मिटले आणि आपला ट्रान्समीटर छातीशी धरला, आणि एरियल डेसच्या तोंडापुढे आली. एरियलला चिमटा होता. त्यावर काळ्या शाईत अडुसष्ट लिहिलं होतं.

"फळ्यावरच होता तो, डेस," लोमस डोळे मिटूनच म्हणाला. "मी आलो, फळ्यावर होता, मी घेतला. मग चालू केलं."

डेसच्या डोक्यात चहाचा कप आला. फळ्यापाशी पोचलेला हात, आणि हाक, आणि वळणं. चिमटा घेतलाच नव्हता. त्याने स्वतःच, स्वतःच्या या हाताने, घेतला नव्हता. आणि मग एक गोष्ट झाली जी त्याला फार मोठी वाटली. हात पडला नाही. वरचा वर थांबला. थांबला! बाप असता तर थांबला नसता, तो स्वतः फेब्रुवारीत थांबला नव्हता, पण आज थांबला होता. लोमसचं नाक जागेवर होतं. डेसच्या अंगातून इतकं हलकं काहीतरी गेलं की त्याला हसू फुटलं, विमान गेलं तर गेलं, आणखी दहा बांधीन, आणि बेरिलने बघितलं का हे बघायला तो हसतच वळला.

बेरिल शंभर पावलांवर होती. मध्ये सगळं मोकळं रान. खुर्चीत बसल्या बसल्या ती गोळा झाली होती, गुडघे पोटाशी, आणि दोन्ही कोपरं डोक्यावर घट्ट धरलेली, डावा कान झाकून. एवढ्या लांबून. क्लबची माणसं मोडलेल्या विमानाकडे बघत नव्हती, लोमसकडेही बघत नव्हती. ती बेरिलकडे बघत होती. मग एकेक करून सगळ्यांनी मान वळवली आणि डेसकडे बघितलं, आणि बस चालवून निवृत्त झालेल्या लोमसनेही डोळे उघडून आधी तिच्याकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं. डेसचा हात अजून वरच होता. त्याने तो खाली आणला.

"मारलं नाही मी," तो ओरडला. "बेरिल, बघ, कुणालाच मारलं नाही."

ती कोपरं सावकाश खाली आणून उभी राहिली, थर्मासचं झाकण लावलं, खुर्ची मिटली, निळा कोट अंगात घातला, जून असून. मग गाड्यांकडे चालत आली, त्याच्या बाजूला न बघता, लांबून वळसा घालून.

"मिस्टर लोमस," ती म्हणाली, "मला स्टेशनपर्यंत सोडाल का?"

लोमसने ट्रान्समीटर बंद केला आणि गाडीचं दार उघडलं. डेसला तिला समजावून सांगायचं होतं, की चूक माझी होती, ती मला कळली, आणि म्हणून तर हात थांबला, हेच तर दाखवायचं होतं तुला. हे सगळं तिच्या जवळ जाऊन, हळू आवाजात सांगण्यासारखं होतं. त्याने एक पाऊल टाकलं. तिची कोपरं वर गेली. तो थांबला. कोपरं खाली आली. त्याने दुसरं पाऊल टाकायला टाच उचलली, तिच्याकडे बघितलं, आणि टाच होती तिथेच टेकवली.